घडीचा चाकू, खिशातला

मिरगाचा पाऊस बसला की दापोलीकडच्या रोपवाटिकांत कोय कलमं बांधायला घेतात. ताडपत्रीच्या आडोशाला चार-पाच माणसं पोत्यांवर बसलेली असतात. एका बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या हापूसच्या काड्या. दुसऱ्या बाजूला नुकत्याच रुजलेल्या कोयी, आठ-पंधरा दिवसांची, अजून तांबूस आणि लोंबत्या पानांची रोपं. बांधणारा एक रोप उचलतो, कोयीपासून चार बोटांवर शेंडा उडवतो आणि उरलेल्या खुंटाला मधोमध उभी चीर देतो. मग तेवढ्याच जाडीची काडी घेऊन तिच्या बुडाला दोन्ही अंगांनी काप घेत पाचर करतो, ती चिरेत बसवतो आणि प्लॅस्टिकची पट्टी ताणून गुंडाळतो. बघणाऱ्याला वाटतं, सगळं कौशल्य बांधण्यात आहे. खरं काम त्या दोन कापांत झालेलं असतं.

सालीच्या आत एक हिरवट, ओला, जिवंत थर असतो. खुंटाचा थर आणि काडीचा थर एकमेकांना भिडले तर कलम जगतं. काप एका ओढीत, काचेसारखा सपाट यावा लागतो. चाकू मध्येच अडला आणि पुन्हा तासावं लागलं, तर पृष्ठभाग लाटेसारखा होतो, मध्ये हवा राहते आणि काडी वाळते. म्हणून हाताइतकीच धारही महत्त्वाची. मी पाहिलेला चाकू मिटवल्यावर मुठीत दिसेनासा व्हायचा. लाकडी मूठ घामाने काळी पडलेली, पातं जेमतेम अडीच इंचांचं आणि वर्षानुवर्षं धार लावून अरुंद झालेलं. पात्याची एक बाजू अगदी सपाट, उतार फक्त दुसऱ्या बाजूला. सपाट बाजू काडीला टेकते आणि चाकू सरळ जातो, लाकडात शिरत नाही. थोड्या थोड्या वेळाने बांधणारा पातं मांडीवरच्या चामड्याच्या पट्ट्यावर दोनदा ओढायचा आणि पुढची काडी घ्यायचा. ह्या चाकूने आणखी काय काय कापता, असं विचारल्यावर त्याने मानही वर केली नाही. "नाय हो, ह्याला फक्त काडी." सुतळी, गोणी, खताच्या पिशव्या आणि दुपारचा कांदा यासाठी त्याच्या अर्ध्या चड्डीच्या खिशात दुसरा चाकू होता. तोही घडीचाच, पण दोन्ही बाजूंनी धार लावलेला आणि जरा राकट.

दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ सालचं. कोय कलमाची पद्धत कोकणात घरोघरी पोचवण्यात त्याचा मोठा वाटा. त्याआधी भेट कलमांचा जमाना होता. तेव्हा कुंडीतलं रोप उचलून मूळ झाडाच्या फांदीपाशी नेऊन बांधावं लागे. पद्धत बदलली, कलमांची संख्या वाढली, पण हातातलं हत्यार तेच राहिलं. आता काही जण दाढीचं ब्लेड वापरतात. कोवळ्या काडीला ते चालतं, पण पातं लवतं आणि बोटंही कापतात. नाशिक-सांगलीकडे डॉगरिजच्या खुंटावर द्राक्षाची कलमं भरणाऱ्या टोळ्या पावसाळा सरता सरता गावोगाव फिरतात, त्यांच्याकडेही असाच चाकू दिसतो. खिशात चाकू असणं हा या माणसांच्या धंद्याचा भाग आहे. त्याबद्दल त्यांना कुणी प्रश्न विचारत नाही आणि त्यांनाही त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही.

शहरात मात्र चित्र वेगळं. चारचौघांत कुणी खिशातून चाकू काढून पार्सलची चिकटपट्टी कापली, तर दोन माणसं मागे सरकतात. या भीतीची मुळं मला रामपूरमध्ये दिसतात आणि तिचा प्रसार मुंबईच्या स्टुडिओंमध्ये. उत्तर प्रदेशातल्या रामपूर संस्थानात कारागिरांच्या पिढ्यांनी एक घडीचा चाकू घडवला. पातं लांब, नऊ ते बारा इंचांपर्यंत, उघडताना दातेरी चक्रावरून टक-टक असा आवाज करत अडकणारं. हा रामपुरी हिंदी सिनेमाने उचलला. १९६५ सालच्या 'वक्त'मध्ये राजकुमार चाकू हातात घेऊन बजावतो, की ही मुलांनी खेळायची वस्तू नव्हे. त्यानंतरची दोन दशकं प्रत्येक खलनायकाच्या हातात तो उघडत राहिला. पुढे सरकारने मोठ्या पात्यांवर बंदी आणली आणि रामपूरच्या कारागिरांचा धंदा आक्रसला. २०२३ च्या मार्चमध्ये रामपूरच्या एका चौकात सहा मीटरहून लांब चाकूचा पुतळा उभा राहिला. कारागिराच्या हातात पुरेसं काम नाही आणि चौकात स्मारक आहे, हे मला दुःखद वाटतं. रामपुरी हे एका विशिष्ट प्रकारचं हत्यार होतं. त्याच्यामुळे खिशातल्या प्रत्येक पात्याकडे संशयाने बघायची सवय लागली आणि कामाचा छोटा चाकू त्यात नाहक भरडला गेला.

आपल्याकडे ही वस्तू परकी नव्हती. बोरूने लिहायच्या काळात कारकुनाच्या कलमदानात बोरू तासायला आणि त्याला कत द्यायला कलमतराश असायचा. कत तिरका किती ठेवायचा, यावर अक्षराचं वळण ठरे. म्हाताऱ्यांच्या चंचीत पान, सुपारी, चुन्याची डबी आणि अडकित्ता असे. घराबाहेर पडताना कमरेला धारेची वस्तू असणं यात गैर काही नव्हतं. धनगर, माळी, सुतार, चांभार यांच्याजवळ तर ती असायचीच. हे सगळं दोन पिढ्यांत विसरलं गेलं.

जगभर हाच चाकू टिकला तो कामकऱ्यांमुळे. स्वित्झर्लंडमध्ये श्वीत्स परगण्यातल्या इबाख गावी कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये सुऱ्यांची कार्यशाळा काढली. स्विस सैन्याला नव्या रायफलचे स्क्रू खोलण्यासाठी आणि डबाबंद अन्न उघडण्यासाठी एक चाकू हवा होता. पहिले चाकू जर्मनीतल्या सोलिंगेनहून मागवले गेले, कारण स्विस कारागिरांकडे तेवढा माल काढायची सोय नव्हती. हे एल्सनरला झोंबलं. १८९१ मध्ये त्याने सैन्याला माल पुरवायला सुरुवात केली. त्या चाकूत एक पातं, डबा उघडायचं हत्यार, स्क्रू-ड्रायव्हर आणि टोचा एवढंच होतं. १८९७ मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला. त्यात एकाच कमानीवर पाठीच्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंची हत्यारं बसवायची युक्ती होती. आपल्याला माहीत असलेला लाल चाकू तिथून आला. १९०९ मध्ये आई वारली, तेव्हा एल्सनरने तिचं नाव व्हिक्टोरिया हेच कंपनीला दिलं. १९२१ पासून गंज न लागणारं पोलाद वापरायला लागल्यावर त्या पोलादाचं 'इनॉक्स' हे नाव कंपनीच्या नावाला जोडलं गेलं.

फ्रान्सच्या साव्वा भागातल्या डोंगरात जोसेफ ओपिनेल या हत्यारं बनवणाऱ्याच्या मुलाने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी साधा चाकू केला. बीचच्या लाकडाची मूठ, तिच्यात फट, फटीत पातं आणि एक खिळा. १८९७ मध्ये त्याने १ ते १२ अशी मापं ठरवली. त्यातली १ आणि ११ पुढे बंद झाली, बाकीची आजही मिळतात. पातं जागच्या जागी बसवणारी फिरती कडी १९५५ मध्ये आली. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, वजन मात्र इतकं कमी की खिशात आहे हे विसरायला होतं. मला हा चाकू विशेष आवडतो, कारण त्यात लपवलेलं काही नाही. लाकूड, पोलाद, कडी आणि खिळा. बिघडला तर कुठे बिघडला हे लगेच दिसतं.

तिसरा जपानचा हिगोनोकामी. पितळेचा किंवा लोखंडाचा पत्रा दुमडून केलेली मूठ, कुलूप नाही, कमान नाही. पात्याच्या मागे आलेल्या लहान शेपटीवर अंगठा दाबून धरायचा, एवढंच. ह्योगो प्रांतातल्या मिकी गावात तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बनू लागला आणि पुढे शाळकरी मुलांच्या दप्तरात पेन्सिली तासायला पोचला. १९६० मध्ये समाजवादी पक्षाचे नेते आसानुमा यांची सतरा वर्षांच्या मुलाने भर सभेत हत्या केली. हत्यार छोट्या तलवारीच्या जातीचं होतं. पण त्यानंतर मुलांच्या हातून सगळीच पाती काढून घ्यायची मोहीम निघाली आणि मिकीतले कारखाने एकामागून एक बंद पडले. आज ते नाव लावून चाकू करणारा तिथे एकच कारखाना उरला आहे. जपानमधल्या शिक्षकांनी मुलांना पेन्सिल नीट तासता येत नाही अशी तक्रार केली, तर मला नवल वाटणार नाही. आपल्याकडे शार्पनरने ते काम परस्पर उरकलं.

आता प्रश्न निवडीचा. पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत किंवा कुठल्याही ऑनलाइन बाजारात गेलात की काळ्या रंगाचे, दातेरी पाठीचे, जाडजूड चाकू अंगावर येतात. त्यांची पाती तीन-चार मिलिमीटर जाड असतात. अशा चाकूने सफरचंद कापून पाहा. ते चिरत नाही, अर्ध्यात टचकन फुटतं. चाकू किती सहज कापतो, हे धारेच्या मागची जाडी ठरवते. ओपिनेलचं पातं दोन मिलिमीटरहूनही पातळ असतं, म्हणून ते पेरूतून किंवा टोमॅटोतून अलगद जातं. रोजच्या वापरात आपण काय कापतो, याची मनात यादी केली की उत्तर सापडतं: सुतळी, पुठ्ठा, फळ, औषधाच्या गोळ्यांची पट्टी, पाकीट, कपड्याचा सुटलेला दोरा, नर्सरीतून आणलेल्या रोपाची पिशवी. यातल्या कशालाही तीन इंचांपेक्षा लांब पातं लागत नाही. मला विचाराल तर अडीच इंच पुष्कळ झाले.

हल्ली एका हाताने उघडणाऱ्या चाकूंची क्रेझ आहे. १९८१ मध्ये स्पायडर्को या अमेरिकन कंपनीने पात्याला गोल भोक पाडून आणि मुठीला क्लिप लावून ही पद्धत लोकप्रिय केली. शिडीवर चढलेल्या माणसाला, दोर धरलेल्या गिर्यारोहकाला ती उपयोगी आहे, यात शंका नाही. ताणलेल्या दोराला पातं नुसतं टेकलं तरी दोर तुटतो, म्हणून सह्याद्रीत दोर लावून उतरणाऱ्यांनी चाकू कुठे आणि कसा अडकवायचा, याचा घरूनच विचार केलेला बरा. पण ऑफिसात, बाजारात, लोकलमध्ये ते भोक आणि ती क्लिप नुसती लक्ष वेधून घेतात. झटक्यात उघडणाऱ्या पात्याने शेजारच्या माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि त्याचं तसं वाटणं रास्त आहे. नखाने उघडायचा, दोन हातांनी सावकाश बाहेर येणारा चाकू घ्यावा. ते सावकाश उघडणं हाच त्याचा सभ्यपणा आहे.

कुलूप हवं की नको? स्विस चाकूच्या मुख्य पात्याला बहुतेक लहान मॉडेलांत कुलूप नसतं. पाठीमागची कमान पात्याच्या बुडाला दाबून धरते आणि बोटाने ढकललं की पातं मिटतं. पुढे ढकलून कापायच्या कामात कुलूप लागत नाही. टोचायच्या, खरवडायच्या कामात पातं उलटं मिटून बोटांवर येऊ शकतं, तिथे कुलूप हवं. पण परदेशी राहणाऱ्यांनी जरा थांबून विचार करावा. इंग्लंडमध्ये तीन इंचांहून लहान, घडीचा आणि कुलूप नसलेला चाकू कारण न देता जवळ बाळगता येतो. पातं कुलूप होऊन उभं राहिलं की तिथली न्यायालयं त्याला न मिटणाऱ्या चाकूसारखं समजतात आणि बाळगायचं सबळ कारण मागतात. लंडन किंवा लेस्टरला राहणाऱ्या आपल्या माणसाने कडीचा ओपिनेल सहलीला नेला आणि खिशातच राहिला, तर तो गुन्हा ठरू शकतो.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं असलेल्या सुऱ्या, तलवारी, खंजीर यांना त्यात शस्त्र मानलं आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळली आहेत. छोटा घडीचा चाकू या मापात येत नाही. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाच्या आणि गरारीच्या, म्हणजे दातेरी चक्राच्या, चाकूंसाठी मर्यादा ७.६२ सेंटिमीटरवर, म्हणजे तीन इंचांवर आणली. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात मनाई आदेश निघतात आणि त्यांत चाकू, काठ्या यांचा नावानिशी उल्लेख असतो. तेव्हा आपला चाकू कितीही लहान असला तरी तो घरीच ठेवावा. मिरवणुकीत, सभेत, न्यायालयात, मेट्रोत तो नेऊच नये. विमानात हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत ठेवावा. २००१ नंतर विमानतळांवर एवढे स्विस चाकू जप्त झाले की त्या कंपनीची विक्री एकदम कोसळली. आपणही विमानतळावरच्या जप्तीच्या पेटीत वडिलांनी दिलेली आठवण टाकून येऊ नये.

पोलादाचा निर्णय राहण्याच्या ठिकाणावरून करावा. साध्या कार्बन पोलादात जवळजवळ एक टक्का कार्बन असतो. त्याला धार पटकन येते आणि खूप बारीक येते. पण कोकणात, मुंबईत, गोव्यात श्रावणात रात्रभर ओला राहिला की सकाळी नारिंगी ठिपके दिसतात. लिंबू, कैरी, कांदा कापला की पातं काळं-निळं पडतं. तो रंग वाईट नाही, गंज वेगळा. काळा थर उलट पोलाद जरा सांभाळतोच. घाटावर, कोरड्या हवेत कार्बन पोलाद खुशाल वापरावं. किनाऱ्यावर क्रोमियमवालं. स्विस चाकूचं पोलाद मुद्दाम फार कडक ठेवलेलं नसतं. धार जाते लवकर, पण साध्या दगडावर दोन मिनिटांत परत येते. अतिकडक, महाग पोलादाचे चाकू घेऊन ज्यांना पुढे धारच लावता येत नाही, अशी माणसं मला हमखास भेटतात. धार लावता येत नसेल तर चाकू घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

धार लावायला शिकणं अवघड नाही. सायकलच्या चाकावर फिरत्या दगडावर धार लावणारे अजून गल्लीत येतात, कोयत्या-विळ्यांचं काम ते चोख करतात. लहान चाकू मात्र त्यांच्याकडे देऊ नये. दगड वेगाने फिरतो, पातळ पातं तापतं, टोकाशी निळसर झाक येते आणि पोलादाला दिलेलं पाणी उतरतं. त्यानंतर त्या जागी धार टिकत नाही. घरी दोन बाजूंचा, एक खरखरीत आणि एक बारीक, धार लावायचा दगड घ्यावा. पाण्यात भिजवावा, ओल्या फडक्यावर ठेवावा म्हणजे सरकत नाही. पातं आडवं टेकवून पाठ उचलावी. दोन सेंटिमीटर रुंदीच्या पात्याची पाठ सहा मिलिमीटर उचलली की कोन साधारण १७ अंशांचा होतो. एका रुपयाची नाणी एकावर एक ठेवून ही उंची पहिल्यांदा डोळ्यांत बसवता येते. मग जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा आहे, अशा बेताने पातं पुढे न्यायचं. एका बाजूला घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला धारेवर बारीक खरखर लागते, बोटाचं पेर आडवं हलकेच फिरवलं तर जाणवते. कारखान्यात तिला बर म्हणतात. बर आली म्हणजे धातू काठापर्यंत घासला गेला. मग दुसरी बाजू, मग बारीक दगड, शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने दहा-बारा हात. वर्तमानपत्राचा कागद हातात उभा धरून चाकू वरून खाली ओढला आणि कागद न फाटता कापला गेला, की झालं. खिळ्याजवळ तेलाचा एक थेंब द्यावा. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल बरं, फळं कापायची असतील तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन.

मुलांच्या हातात चाकू द्यावा का, हे पालक हळू आवाजात विचारतात. माझं उत्तर होकारार्थी आहे. साधारण आठव्या-नवव्या वर्षी, मोठ्या माणसाच्या शेजारी बसवून. ओपिनेल मुलांसाठी गोल टोकाचं पातं आणि बोटांना आड येणारी कडी असलेला चाकू बनवतं. साधा स्विस चाकूही चालतो. पहिलं लाकूड मऊ हवं. सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याची होतात, त्याची काडी मिळाली तर उत्तम. मुलाने खाली मांडी घालून बसावं, कोपरं गुडघ्यांवर टेकवावीत, हात फिरेल तेवढ्या अंतरात कुणी नको. काप नेहमी अंगापासून लांब. काडी धरलेला हात पात्याच्या मागे. पहिल्या दिवशी नुसती साल काढायची, दुसऱ्या दिवशी टोक करायचं. टोक झालं की पेन्सिल, आणि पेन्सिल नीट तासता आली की कुंडीतल्या जास्वंदीची काडी तिरकी कापून मातीत लावून बघायची. चाकू दुसऱ्याला द्यायचा झाला तर आधी पुसून मिटायचा. आपल्या आज्या सुरी हातात देऊ देत नसत, भांडण होतं म्हणत. मुलालाही तेच शिकवावं: चाकू जमिनीवर ठेवायचा, ज्याला हवा तो उचलून घेईल.